विश्लेषण : धुरावर भुते उभी करणारे रॉबर्टसन कोण होते? आकाशात खरेच होलोग्राम दाखवता येतो का?

ऑक्टोबर २०१५ मध्ये चीनमधील फोशान शहराच्या वर, ढगांमध्ये उंच इमारतींची रांग तरंगत असल्याचा एक व्हिडिओ जगभर फिरला. कोणी त्याला मृगजळ म्हटले, कोणी संगणकावरची करामत, तर कोणी थेट नासाने आकाशात सोडलेला होलोग्राम. ढगात काही वेगळे दिसले की असा फॉरवर्ड हमखास येतो. त्यातला दावा साधारण एकच असतो. पाण्याच्या तुषारांवर चित्र दाखवता येते, म्हणजे आकाशातही देव, परग्रहवासी किंवा विमाने दाखवून साऱ्या जगाला फसवता येईल.

हा संशय होलोग्रामच्या जन्माच्याही आधीचा आहे. सव्वादोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये एक माणूस रोज संध्याकाळी तिकीट लावून मेलेल्या माणसांची रूपे पडद्यावर आणि धुरावर उभी करत होता. पुढे तोच माणूस बलूनमधून सुमारे ७ हजार मीटर उंचीवर गेल्याचे सांगत उतरला आणि त्याने आकाशाविषयी काही दावे केले. त्याचे नाव एतिएन-गास्पार रोबेर. जग त्याला रॉबर्टसन या नावाने ओळखते.

रॉबर्टसन कोण होते?

रॉबर्टसन यांचा जन्म १५ जून १७६३ रोजी लिएज येथे झाला. हे शहर आज बेल्जियममध्ये आहे. त्यांचे शिक्षण लुव्हाँ येथे झाले. भौतिकशास्त्र, त्यातही प्रकाशशास्त्र हा त्यांचा विषय. चित्रकलेचीही तितकीच ओढ होती. लहानपणी आपला भुताखेतांवर पूर्ण विश्वास होता, सैतान भेटावा म्हणून आपण धडपडलो आणि तो काही येईना तेव्हा आपणच सैतान तयार करायचे ठरवले, अशी आठवण त्यांनी आत्मचरित्रात नोंदवली आहे.

१७९१ मध्ये ते पॅरिसला आले. फ्रेंच राज्यक्रांतीचा तो काळ होता. चित्रे काढून पोट भरायचे आणि उरलेल्या वेळात विज्ञानाची व्याख्याने ऐकायची, असा त्यांचा क्रम होता. ज्यांची व्याख्याने ते ऐकत, त्यांत हायड्रोजन बलूनचे जनक जाक शार्ल हेही होते. १७९६ मध्ये रॉबर्टसन यांनी फ्रेंच सरकारपुढे एक प्रस्ताव ठेवला. आर्किमिडीजच्या दंतकथेप्रमाणे प्रचंड आरसे उभारून सूर्यप्रकाश एकवटायचा आणि ब्रिटिश जहाजे जाळायची. सरकारने तो नाकारला. प्रकाशाने शत्रूची जहाजे जाळता आली नाहीत, पण प्रकाशाने माणसांना घाबरवता येते, हे त्यांनी पुढच्या दोनच वर्षांत दाखवून दिले.

धुरावर चित्र पाडण्याची कल्पना त्यांचीच होती का?

नाही. काचेवर रंगवलेले चित्र दिव्याच्या उजेडाने आणि भिंगाने मोठे करून पडद्यावर पाडणारा जादूचा कंदील सतराव्या शतकापासून युरोपात होता. हाच प्रकाश शेगडीतून निघणाऱ्या धुरावर पाडला तर चित्र हवेत तरंगल्यासारखे दिसते, ही युक्ती एद्म-जिल गियो या फ्रेंच लेखकाने १७७०च्या सुमारास विज्ञानाच्या करमणुकीवरील आपल्या पुस्तकात दिली होती.

त्याच सुमारास जर्मनीतील लाइपझिगमध्ये योहान गेओर्ग श्र्योफर हा कॉफीगृहाचा मालक रात्रीच्या बैठकांत मृतात्मे बोलावत असे. अंधार, धूर, मंत्र आणि लपवलेला कंदील हे त्याचे साहित्य होते. आपल्याला खरोखरच मृतात्मे वश आहेत, असे तो लोकांना सांगे. १७७४ मध्ये त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्यानंतर फिलिडोर नावाच्या जादूगाराने हीच तंत्रे घेऊन व्हिएन्नात आणि १७९२-९३ मध्ये पॅरिसमध्ये खेळ केले. त्याने मात्र हा केवळ खेळ आहे, भोंदूंचे पितळ उघडे पाडण्यासाठी आहे, अशी जाहिरात केली. या खेळाला फँटास्मागोरिया हे नाव पडले.

रॉबर्टसन यांना ही कला तयार मिळाली. त्यांनी तिला यंत्राची शिस्त दिली आणि दोन वाटांपैकी फिलिडोरची वाट निवडली. खेळाच्या सुरुवातीला ते प्रेक्षकांना सांगत, की इथे दिसणारे सारे विज्ञानाचे परिणाम आहेत.

मग पोलिसांनी खेळ का बंद केला?

पहिला खेळ जानेवारी १७९८ मध्ये पॅरिसमधील पाव्हियाँ द लेशिकिए या ठिकाणी झाला. तो काळ लक्षात घ्यायला हवा. राजा सोळावा लुई याचा शिरच्छेद होऊन पाच वर्षे झाली होती. रोबेस्पिएरच्या दहशतीच्या राजवटीत हजारो लोक गिलोटिनखाली गेले होते आणि अनेक घरांत कोणी ना कोणी गमावलेले होते. अशा शहरात मेलेल्यांना परत आणण्याचा खेळ ही साधी करमणूक राहिली नाही.

मार्च १७९८ मध्ये एका वृत्तपत्रात या खेळाचे वर्णन छापून आले. लोक आपापल्या मृतांना पाहण्याची मागणी करतात आणि रॉबर्टसन शेगडीत काहीबाही टाकून त्यांची रूपे उभी करतात, असे त्यात रंगवून सांगितले होते. त्याच वृत्तानुसार एका प्रेक्षकाने सोळाव्या लुईलाच परत आणा, अशी मागणी केली. रॉबर्टसन यांनी ती कशीबशी टोलवली. पण राजाचे भूत म्हणजे राजेशाहीचा प्रचार, असा सरकारचा समज झाला. पोलिसांनी खेळ थांबवला आणि रॉबर्टसन यांना काही काळ बोर्दो शहरात जाऊन राहावे लागले.

चित्र खोटे आहे हे सरकारला ठाऊक होते. भीती चित्राची नव्हती, ते पाहून लोक काय विचार करतील याची होती. आकाशातील प्रतिमांविषयी आज जो संशय आहे, त्याच्या मुळाशीही हीच भीती आहे, फक्त उलट दिशेने. तेव्हा सरकारला लोकांची भीती वाटली, आज लोकांना सरकारची वाटते.

मठातील खेळ कसा होता?

जानेवारी १७९९ पासून रॉबर्टसन यांनी प्लास वाँदोमजवळच्या कापुसिन जोगिणींच्या मठात खेळ सुरू केला. क्रांतीनंतर हा मठ ओस पडला होता. प्रेक्षकांना आधी अंधाऱ्या ओवऱ्यांमधून जावे लागे. वाटेत प्रकाशाचे आणि विजेचे छोटे प्रयोग मांडलेले असत. मग गूढ चित्रलिपी कोरलेल्या दारातून काळ्या कापडाने मढवलेल्या दालनात प्रवेश. सगळे बसले की दार बंद होई आणि एकुलता एक दिवा विझे.

मग पावसाचा, ढगांच्या गडगडाटाचा आवाज. पाठोपाठ ग्लास हार्मोनिका हे वाद्य. काचेच्या फिरत्या वाट्यांवर ओली बोटे टेकवून वाजवायचे हे वाद्य बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७६१ मध्ये बनवले होते. त्याचा सूर नेमका कुठून येतो हे कानाला पटकन उमगत नाही. मदतीला फिट्झ-जेम्स नावाचा शब्दभ्रमकारही असे. या सगळ्यात दूरवर एक ठिपका उजळे, मोठा होत जाई आणि मेडुसाचे मस्तक किंवा रक्ताने माखलेली जोगीण प्रेक्षकांच्या अंगावर धावून आल्याचा भास होई. व्होल्तेर, रूसो, मारा, रोबेस्पिएर अशी कालपरवाची माणसेही दिसत.

हे विज्ञान आहे, असे सुरुवातीलाच सांगितलेले असूनही लोक किंचाळत, तोंड झाकून घेत, काही जण काठ्या उगारत. खरे काय ते कळले की भीती जाते, असे आपण मानतो. या मठातला अनुभव तसा नव्हता. डोके ऐकते, पण छातीची धडधड लगेच ऐकत नाही.

भूत अंगावर कसे धावून यायचे?

रॉबर्टसन यांच्या यंत्राचे नाव फँटास्कोप. १७९९ मध्ये त्यांनी त्याचे पेटंट घेतले. मूळ वस्तू जादूचा कंदीलच, पण त्यात चार सुधारणा होत्या.

पहिली, कंदील चाकांवर बसवून रुळांवर पुढेमागे सरकवता येत असे. तो पडद्यापासून दूर गेला की चित्र मोठे होते. काळोखात अंतर मोजायला दुसरी कोणतीच खूण नसते, त्यामुळे मोठे होणारे चित्र मेंदूला जवळ येणारे वाटते.

दुसरी, भिंग आणि झडप हलती होती. अंतर दुप्पट झाले की चित्राची रुंदी दुप्पट आणि क्षेत्रफळ चौपट होते. तेवढाच प्रकाश चौपट जागेत पसरला की चित्र फिके पडते आणि अस्पष्टही होते. कंदील सरकताना भिंग आणि झडप जुळवत राहिले की चित्र रेखीव राहते आणि उजेडही सांभाळता येतो.

तिसरी, काचेवर आकृतीभोवतीचा सारा भाग काळ्या रंगाने भरलेला असे. त्यामुळे साध्या कंदिलाच्या चित्राभोवती दिसणारा उजेडाचा गोल नाहीसा होई आणि आकृती अधांतरी उभी राही.

चौथी सर्वांत महत्त्वाची. कंदील प्रेक्षकांच्या मागे नसून पडद्याच्या मागे असे. पडदा मेण लावलेल्या पातळ कापडाचा, म्हणजे प्रकाश आरपार जाऊ देणारा. अंधारात पडदा दिसत नसे, कंदील दिसत नसे, दिसे फक्त भूत.

धुरावर किंवा पाण्याच्या तुषारांवर चित्र का दिसते?

स्वच्छ हवेतून जाणारा प्रकाश बाजूने दिसत नाही. तो डोळ्यापर्यंत यायचा तर वाटेत कशावर तरी आदळून विखुरला पाहिजे. विसर्जन मिरवणुकीत लेझरचे पट्टे धूर सोडल्यावर ठळक दिसतात, त्याचे कारण हेच.

धुराचे कण किंवा पाण्याचे बारीक थेंब हे काम करतात. थेंब प्रकाशाचा मोठा भाग पुढच्याच दिशेने फेकतात. म्हणून प्रोजेक्टर तुषारांच्या मागे आणि प्रेक्षक पुढे असले की चित्र उजळ दिसते. बाजूला सरकले की ते फिके पडते. रॉबर्टसन यांची पडद्यामागची मांडणी इथेही उपयोगी पडते. धूर हलतो, म्हणून चित्रही थरथरते. सपाट पडद्यावर जो दोष ठरला असता, तोच भुताच्या बाबतीत जिवंतपणा ठरला.

आजचे पाण्याच्या पडद्यावरचे खेळ याच तत्त्वावर चालतात. अमेरिकेतील डिस्नेलँडमध्ये १९९२ पासून तुषारांच्या पडद्यांवर चित्रे दाखवली जाऊ लागली. २००० नंतरच्या काही वर्षांत फिनलंडच्या संशोधकांनी कोरड्या वाटणाऱ्या धुक्याचा इतका पातळ आणि स्थिर पडदा बनवला की त्यातून माणूस चालत जाऊ शकतो. कंदिलाच्या जागी प्रोजेक्टर आला, शेगडीच्या जागी पंप. बाकी गणित तेच.

रॉबर्टसन यांचे गुपित फुटले कसे?

न्यायालयात. खेळ तुफान चालू लागल्यावर त्यांच्याकडे काम केलेल्या माणसांनी स्वतःचा तसाच खेळ सुरू केला. रॉबर्टसन यांनी पेटंटच्या आधारे त्यांच्यावर दावा लावला. पण दावा लावायचा म्हणजे आपली युक्ती नेमकी काय आहे, हे सांगणे आले. रूळ, भिंगे, मेणाचा पडदा असे सगळे तपशील उघड झाले. यातले बरेचसे आधीपासूनच ठाऊक होते, हेही समोर आले. पेटंटचे संरक्षण हातचे गेले. पाहता पाहता पॅरिसमध्ये आणि पुढे युरोपभर फँटास्मागोरियाचे खेळ सुरू झाले.

फसवणुकीच्या आरोपांचा विचार करताना हा प्रसंग महत्त्वाचा आहे. एका दालनात, मूठभर मदतनिसांच्या जोरावर चालणारे गुपित दोन वर्षेही टिकले नाही. कोणाला पगार कमी वाटतो, कोणाला स्वतःचा धंदा करायचा असतो, कोणी मित्राजवळ बोलून जातो. जगभरच्या आकाशात एकाच वेळी प्रतिमा दाखवायच्या तर किती तंत्रज्ञ, चालक आणि पुरवठादार लागतील आणि ते सारे गप्प बसतील का, हा प्रश्न म्हणूनच विचारायला हवा.

आकाशाशी त्यांचा संबंध कसा आला?

बलूनमुळे. १८ जुलै १८०३ रोजी हॅम्बुर्ग येथून रॉबर्टसन यांनी एका सोबत्यासह उड्डाण केले. आपण सुमारे ७ हजार मीटरच्या वर गेलो, असे त्यांनी जाहीर केले. थंडी, धाप, ग्लानी यांचे वर्णन त्यांनी केले आणि काही वैज्ञानिक निरीक्षणेही मांडली. उंचावर विजेचे परिणाम क्षीण होतात आणि चुंबकाची शक्ती स्पष्टपणे कमी होते, असे त्यांचे म्हणणे होते. ३० जून १८०४ रोजी सेंट पीटर्सबर्ग येथून रशियाच्या विज्ञान अकादमीसाठी याकोव्ह झाखारोव्ह या शास्त्रज्ञासोबत त्यांनी आणखी एक उड्डाण केले.

हॅम्बुर्गच्या दाव्यांची पॅरिसमध्ये चर्चा झाली. पण भुतांचे खेळ करणारा माणूस, म्हणून त्यांना उडवून लावले गेले नाही आणि केवळ ते वर जाऊन आले म्हणून खरेही मानले गेले नाही. पडताळणी झाली. २४ ऑगस्ट १८०४ रोजी जोसेफ गे-ल्युसॅक आणि जाँ-बातिस्त बिओ हे दोन तरुण शास्त्रज्ञ उपकरणे घेऊन सुमारे ४ हजार मीटरपर्यंत गेले. १६ सप्टेंबर रोजी गे-ल्युसॅक एकटेच ७ हजार १६ मीटरपर्यंत पोहोचले. चुंबकाच्या शक्तीत जाणवण्याजोगी घट त्यांना आढळली नाही. वरून बाटलीत भरून आणलेली हवाही जमिनीवरच्या हवेसारखीच निघाली.

आजच्या हिशेबाने ७ किलोमीटर उंचीवर पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र जेमतेम ०.३ टक्क्यांनी कमी होते. हलत्या पाळण्यात ठेवलेल्या तेव्हाच्या सुईला ते कळणे अशक्य होते. रॉबर्टसन यांनी जाणूनबुजून खोटे सांगितले असे म्हणण्याचे कारण नाही. थंडीने गारठलेला आणि विरळ हवेत धापा टाकणारा माणूस चुकीचे वाचन घेऊ शकतो.

त्यांच्या आयुष्यातला हा विरोधाभास लक्षात राहतो. अंधाऱ्या दालनात ते हे खोटे आहे असे सांगत आणि लोक घाबरत. आकाशातून उतरून त्यांनी हे खरे आहे असे सांगितले आणि ते टिकले नाही. दोन्ही वेळा निकाल लागला तो यंत्र उघडून पाहिल्यामुळे किंवा स्वतः वर जाऊन मोजल्यामुळे.

आज ढगांवर अशी चित्रे पाडता येतील का?

एका मर्यादेपर्यंत येतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शक्तिशाली सर्चलाइट वापरून खालच्या ढगांवर अक्षरे पाडण्याचे प्रयोग अमेरिकेत झाले होते. मात्र आकाशभर पसरलेला, हुबेहूब, हलता देव दाखवणे वेगळे. त्यासाठी साधा हिशेब करू.

समजा, ३० हजार ल्युमेनचा मोठा व्यावसायिक प्रोजेक्टर आहे. २० मीटर रुंद आणि १० मीटर उंच पाण्याच्या पडद्यावर, म्हणजे २०० चौरस मीटरवर, तो सरासरी १५० लक्स प्रकाश पाडेल. रात्री हे पुरेसे आहे. आता तोच प्रोजेक्टर १ किलोमीटर लांब आणि १ किलोमीटर रुंद ढगावर रोखा. क्षेत्रफळ १० लाख चौरस मीटर आणि प्रकाश उरतो ०.०३ लक्स. पौर्णिमेच्या चांदण्याचा प्रकाश साधारण ०.२५ लक्स असतो. म्हणजे हे चित्र चांदण्याच्याही आठव्या हिश्शाइतके मंद. दुपारच्या उन्हात सुमारे १ लाख लक्स असतात. त्यापुढे हे चित्र जवळपास ३३ लाख पटींनी फिके. दिवसाढवळ्या दिसणे तर सोडूनच द्या, रात्रीही १५० लक्स गाठायला असे ५ हजार प्रोजेक्टर एकाच ठिकाणी नेमके जुळवावे लागतील.

अडचणी इथेच संपत नाहीत. ढग म्हणजे सपाट पडदा नाही. त्याला जाडी असते, त्यामुळे चित्राच्या कडा पसरतात. वारा तो सतत हलवतो. एका गावाहून नीट दिसणारी आकृती शेजारच्या गावाहून वाकडी दिसेल. धूळ आणि बाष्पामुळे प्रकाशाचा झोत खालपासून वरपर्यंत दिसेल आणि तो कुठून येतो, हे कोणालाही बोट दाखवून सांगता येईल. निरभ्र आकाशात तर प्रकाश अडवायलाच काही नसते.

मग होलोग्राम म्हणजे नेमके काय?

डेनिस गाबोर यांनी १९४८ मध्ये मांडलेले हे तंत्र आहे. त्यासाठी त्यांना १९७१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. वस्तूवरून येणाऱ्या प्रकाशलहरींची नोंद विशिष्ट पट्टीवर किंवा फिल्मवर करायची आणि पुन्हा प्रकाश टाकून ती जिवंत करायची. पाहणाऱ्याची नजर त्या पट्टीच्या दिशेनेच असावी लागते. रिकाम्या आभाळात वाटेल तिथे प्रकाश उभा करणे म्हणजे होलोग्राम नव्हे.

बोलीभाषेत आपण जिला होलोग्राम म्हणतो, ती अनेकदा दुसरीच युक्ती असते. २०१४च्या लोकसभा निवडणुकीतील नरेंद्र मोदी यांच्या त्रिमितीय सभा अनेकांना आठवत असतील. त्यामागचे तत्त्व १८६२ मध्ये लंडनच्या रंगमंचावर गाजलेल्या पेपर्स घोस्टचे होते. तिरक्या ठेवलेल्या पारदर्शक काचेत किंवा पडद्यात दिसणारे ते प्रतिबिंब असते. त्यालाही मंच, पडदा आणि अंधार लागतोच. रात्रीच्या आकाशात हलणारी चित्रे आज बहुतेकदा शेकडो दिवेधारी ड्रोन काढतात. तीही जवळून पाहिली की ठिपके वेगळे दिसतात.

आकाशातील फसवणुकीचा संशय कुठून आला?

पहिल्या महायुद्धात, ऑगस्ट १९१४ मध्ये, बेल्जियममधील मॉन्स येथे ब्रिटिश सैनिकांना देवदूतांनी वाचवल्याची कथा पसरली. तिचे मूळ बहुधा आर्थर मॅकेन यांनी सप्टेंबर १९१४ मध्ये एका वृत्तपत्रात लिहिलेल्या काल्पनिक गोष्टीत होते. १९३० मध्ये तर एका जर्मन अधिकाऱ्याच्या नावाने दावा छापून आला, की ते देवदूत म्हणजे जर्मन विमानांनी ढगांवर पाडलेली चित्रफीत होती. असा कोणी अधिकारीच नसल्याचा खुलासा जर्मनीतून झाला. म्हणजे देवदूत खरे नव्हते आणि ते खोटे असल्याचा खुलासाही खोटा होता.

१९९४ मध्ये कॅनडातील क्यूबेकचे सर्ज मोनास्त यांनी प्रोजेक्ट ब्लू बीमचा दावा केला. नासा आणि संयुक्त राष्ट्रे आकाशात सर्व धर्मांचे देव दाखवून जगावर एकच सत्ता लादणार आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. पुरावा त्यांनी दिला नाही. १९९६ मध्ये त्यांचे निधन झाले, पण दावा इंटरनेटवर आजही फिरतो.

यात धोका काय? अशा संशयाने माणूस खोट्यावर विश्वास ठेवतो, एवढेच नाही. तो खऱ्यावरचाही विश्वास गमावतो. सप्टेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांवर आदळलेली विमाने होलोग्राम होती, असे म्हणणारे लोक आहेत. त्या दिवशीच्या हल्ल्यांत जवळपास ३ हजार माणसे गेली. आपला माणूस ज्या विमानात होता, ते विमान नव्हतेच, असे त्यांच्या घरच्यांना ऐकावे लागले.

महाराष्ट्राचा या कंदिलाशी काय संबंध?

रॉबर्टसन यांच्यानंतर सुमारे शतकभराने, १८९२ मध्ये, कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी जादूच्या कंदिलाचे जाहीर खेळ सुरू केले. हाताने रंगवलेल्या काचांमधून पुराणातील प्रसंग पडद्यावर हलताना दिसत. खेळाचे नाव होते शांबरिक खरोलिका. शंबर हा मायावी असुर, त्याच्यावरून शांबरिक. म्हणजे ही माया आहे, हे नावातच सांगून टाकले होते. त्यांच्या पुढच्या पिढीनेही हे खेळ चालवले.

ढगात काही दिसले तर काय तपासावे?

त्यासाठी इंजिनीअर असण्याची गरज नाही. प्रकाश कशावर पडला आहे, म्हणजे ढग, धुके, धूर की काहीच नाही? त्याच वेळी पाच-दहा किलोमीटरवरच्या इतर लोकांनी, वेगळ्या कोनातून, तेच पाहिले का? खालून वर जाणारा झोत दिसतो का? व्हिडिओ पहिल्यांदा कोणी, कधी आणि कुठून टाकला? यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नसेल, तर फॉरवर्डचे बटण दाबायची घाई नको.

रॉबर्टसन यांनी पुढे अनेक वर्षे युरोपात बलूनची उड्डाणे आणि प्रयोग केले. १८३१ ते १८३३ या काळात दोन खंडांत आठवणी प्रसिद्ध केल्या आणि त्यांत आपल्या बहुतेक युक्त्या स्वतःच उलगडून सांगितल्या. २ जुलै १८३७ रोजी पॅरिसजवळच्या बातिन्योल येथे त्यांचे निधन झाले. पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत त्यांची समाधी आहे. तिच्या एका बाजूला सांगाड्यांना पाहून घाबरलेले प्रेक्षक कोरले आहेत आणि दुसऱ्या बाजूला आकाशात जाणाऱ्या बलूनकडे माना वर करून पाहणारी गर्दी.